तांबड्या मातीचे गाव आणि आत्याचे हिमोग्लोबिन

कोल्हापूर सोडून आजरा ओलांडले, की मातीचा रंग बदलू लागतो. देशावरची काळी माती मागे राहते आणि रस्त्याच्या दोन्ही कडा तांबूस दिसू लागतात. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला पोहोचेपर्यंत जिकडे तिकडे जांभ्या दगडाचे गडगे, जांभ्याचीच घरे आणि पायवाटांवर विटेच्या रंगाची धूळ. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही या वाटेने एस. टी.ने येत असू. घरी परतल्यावर आईने चार वेळा धुतले तरी सदऱ्यावरचा तो तांबडा डाग जात नसे. तो डाग लोहाचा असतो, हे पुढे वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर समजले.

कोकणात लाखो वर्षे कोसळणाऱ्या पावसाने मूळ खडकातले विरघळणारे क्षार वाहून नेले. जे विरघळले नाही ते मागे उरले, ते मुख्यतः लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. लोहाचे ऑक्साइड म्हणजे सोप्या भाषेत गंज. जांभा दगड आणि ही तांबडी माती म्हणजे गंजाने रंगलेली भूमीच होय.

गेल्या जानेवारीत मी याच वाटेने मळेवाडमार्गे शिरोड्याला निघालो होतो. शिरोडे हे माझ्या आत्याचे सासर. आत्या शहात्तर वर्षांची. वर्षभर फोनवर एकच तक्रार ऐकत होतो, तीही तिच्या सुनेकडून. "आत्या थकल्यात. जिना चढताना धाप लागते. जेवण गेलंय." मी फोनवरूनच हिमोग्लोबिन तपासायला सांगितले. ते नऊच्या आसपास आले. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर उपदेशही केला, "वहिनी, खजूर, बीट, पालेभाज्या देत जा. त्यांच्या खाण्याकडे जरा लक्ष द्या." फोन ठेवताना पलीकडची शांतता मला जाणवली होती, पण दवाखान्यात पुढचा रुग्ण बसला होता.

शिरोडे आणि रेडी

शिरोडे हे गाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. वि. स. खांडेकर १९२० साली येथील शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत येथे राहिले. १९३० च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. पश्चिमेला वेळागरचा सुरूच्या बनाचा किनारा, उत्तरेला आरवलीचा वेतोबा, आणि दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे रेडी. रेडीला यशवंतगड आहे, १९७६ साली खाणीच्या परिसरात मिळालेल्या मूर्तीचे गणपतीमंदिर आहे, आणि लोहखनिजाची खाण व बंदरही आहे. तेथून निघालेले खनिज जहाजांनी परदेशी जात आले आहे.

मी पोहोचलो तेव्हा आत्या पडवीत आरामखुर्चीवर बसली होती. एरवी मोटारीचा आवाज आला की ती अंगणात यायची. या वेळी ती उठली नाही. "इलंस रे?" एवढेच म्हणाली. मी पाया पडलो आणि सवयीने तिच्या खालच्या पापणीकडे पाहिले. पापणीची आतली बाजू कागदासारखी पांढरी होती. तळहाताच्या रेषाही पांढऱ्या. घोट्यांवर थोडी सूज. नाडी मिनिटाला एकशे आठ. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माणसाचे हे चित्र नव्हते.

"माका काय्येक झाला नाय रे. वय झाला, दुसरा काय?" आत्या म्हणाली.

मी गप्प राहिलो. कारण वर्षभर मीही मनात हेच म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडीपर्यंत जाऊन आलो. खाणीकडच्या रस्त्यावर धूळ इतकी गडद होती, की झाडांची पानेही तांबडी दिसत होती. येथील खनिज प्रामुख्याने हेमॅटाइट. ग्रीक भाषेत 'हेमा' म्हणजे रक्त. दगडाच्या चुऱ्याचा रंग रक्तासारखा, म्हणून त्याला हे नाव मिळाले. हिमोग्लोबिन या शब्दाचा आरंभही त्याच 'हेमा'पासून आहे. एकच नाव डोंगराला आणि रक्ताला मिळाले आहे. डोंगरात लोह टनांनी मोजतात. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात ते तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे असते. आणि त्या डोंगरापासून काही किलोमीटरवर माझी आत्या तेवढ्याशा लोहावाचून धापा टाकत होती.

कौलाचा तुकडा

परत आलो तेव्हा आत्या पडवीत डुलकी घेत होती. तिची मूठ अर्धवट उघडली होती आणि तीत मंगलोरी कौलाचा एक लहान तुकडा होता. कडा कुरतडलेल्या. मी वहिनींकडे पाहिले. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सहा-सात महिने झाले. लपवून खातात. विचारलं तर रागावतात."

आत्या जागी झाली. मी तिला रागावलो नाही. कशी लागते एवढेच विचारले. ती लहान मुलीसारखी लाजली आणि म्हणाली, "पयल्या पावसाचो वास येता तेका."

माती, खापरी, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असे काही खाण्याची अनावर इच्छा होणे हे लोहाच्या कमतरतेचे फार जुने आणि ओळखीचे लक्षण आहे. गरोदर स्त्रियांमध्ये आपण ते पाहतो. वृद्धांमध्ये मात्र त्याला 'म्हातारपणाचा चाळा' म्हणून सोडून देतो. शरीराला जे हवे ते तो मातीत शोधतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मातीतले लोह गंजाच्या रूपातले, न विरघळणारे असते. आतड्याला ते घेता येत नाही. उलट काही प्रकारची माती अन्नातले लोहही धरून ठेवते. वर जंतांची अंडी आणि इतर अशुद्धीचा धोका असतोच.

मग मी तो प्रश्न विचारला, जो वर्षापूर्वी फोनवर विचारायला हवा होता. "आत्ये, माझ्या गोळ्यांशिवाय आणखी काय काय घेतेस?"

तिने पानाचा डबा पुढे केला. सुपारीच्या कप्प्याखाली गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या. शेजारचा मुलगा बाजारातल्या औषधाच्या दुकानातून आणून देत असे. सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही बहुधा उपाशीपोटी, चहाबरोबर. दोन वर्षे. "शौचाला काळी होते का?" मी विचारले. "होता. पण तूच सांगितलंस ना, लोहाच्या गोळयेन काळी होता म्हणान."

मी सांगितले होते, हे खरे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग हिरवट काळा होतो, हेही खरे. पण जठरातून रक्त वाहत असेल तरीही शौच काळी होते; ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते. माझ्या एका वाक्याने हा फरक पाहण्याची वाटच बंद केली होती.

हिशेब एका चमच्याचा

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगतात. त्या मोडल्यावर त्यांतले लोह शरीर टाकून देत नाही. पुन्हा नव्या पेशींसाठी वापरते. रोज असे वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह फिरत राहते. अन्नातून आपण रोज शोषतो ते अवघे एक ते दोन मिलिग्रॅम, कारण शरीरातून एरवी तेवढेच निघून जाते. काटकसरीने चालणाऱ्या जुन्या घरासारखा हा संसार आहे.

आता रक्तस्रावाचा हिशेब पाहा. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर रक्त रोज आतल्या आत झिरपले, तर अडीच मिलिग्रॅम लोह गेले. आवक दोनची आणि जावक अडीचची. एवढे रक्त शौचात डोळ्यांना दिसतही नाही. पण काही महिन्यांत साठा रिकामा होतो आणि मग हिमोग्लोबिन उतरू लागते. अशा घरात कितीही खजूर आणि बीट आणले तरी पुरणार कसे?

म्हणूनच उतारवयात लोह कमी असल्याचे आढळले, तर 'खाण्यात कमी पडले' हे उत्तर शेवटी घ्यावे, आधी नव्हे. पाळी थांबलेली स्त्री आणि कोणत्याही वयाचा पुरुष यांच्या शरीरातून नियमित रक्त जाण्याचे कारण नसते. ते जात असेल, तर जठरातील व्रण, मूळव्याध, मोठ्या आतड्यातील गाठ किंवा कर्करोग यांपैकी काही आहे का, हे पाहावेच लागते. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कर्करोगात कित्येकदा थकवा आणि रक्तक्षय हीच पहिली खूण असते.

त्याच संध्याकाळी गोळ्या बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन घाट चढलो. हिमोग्लोबिन ६.९ आले. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६. एक बाटली रक्त सावकाश दिल्यावर दुर्बिणीने तपासणी झाली. जठरात व्रण होता. त्याचा तुकडा तपासायला गेला. तो अहवाल येईपर्यंतच्या पाच दिवसांत मी माझ्या रुग्णांना नेमके काय सांगत होतो, ते मला आज आठवत नाही. एवढेच आठवते, की वहिनी रुग्णालयाच्या बाकावर बसून मला म्हणाल्या, "भावोजी, मी काय कमी केलं ते तरी सांगा. पाहुणे येतात ते म्हणतात, सून खायला घालत नाही."

मी त्यांना म्हणालो, "वहिनी, तुम्ही काही कमी केलेलं नाही. कमी मी केलं. मी विचारलंच नाही."

अहवालात कर्करोग नव्हता. मोठे आतडेही तपासले, ते स्वच्छ निघाले. व्रणावर औषधे सुरू झाली. ती औषधे आम्ल कमी करतात, आणि आम्ल कमी झाले की तोंडाने घेतलेले लोह नीट शोषले जात नाही. म्हणून आत्याला लोह शिरेतून दिले. वृद्ध माणसाची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला मला येथे सांगावेसे वाटते, की रक्तक्षयाचा आळ आपल्या स्वयंपाकघरावर घेण्याआधी औषधांचा डबा उघडून पाहा. दुखण्याच्या गोळ्या, ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे, आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या, सगळे डॉक्टरांपुढे ठेवा. पानाचा डबाही.

ताटातले लोह

व्रण भरत आल्यावर आहाराचा विचार आला, आणि तेथे कोकणच्या ताटाने मला पुष्कळ शिकवले. बिटाचा लाल रंग लोहाचा नसतो. त्यात लोह बेताचेच असते. गुळात थोडे असते, पण मधुमेही माणसाने त्यासाठी गूळ खाणे हा तोट्याचा व्यवहार. पालकात लोह आहे, मात्र त्याच्याच इतर घटकांमुळे त्यातले थोडेच हाती लागते. याउलट, आत्याच्या घरी आठवड्यातून तीनदा होणारी कुळथाची पिठी. शंभर ग्रॅम कुळथात सात ते नऊ मिलिग्रॅम लोह असते. त्यावर ताटात लिंबू पिळले, की त्यातले 'क' जीवनसत्त्व लोहाला विरघळणाऱ्या रूपात आणते. आवळा आणि पेरू हेही तेच काम करतात.

मासे आणि मांस यांतील लोह हे रक्ताच्याच रूपातले असल्याने वनस्पतींतल्या लोहापेक्षा चांगले शोषले जाते. शिवाय त्याच जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहालाही ते मदत करते. चहा मात्र उलटे काम करतो. त्यातील टॅनिन लोहाला अडवते. आत्या जेवणाचा शेवट चहाने करीत असे. आता तो चहा दोन तासांनी होतो. घरातला बिडाचा तवा माळ्यावर गेला होता, तो पुन्हा चुलीपाशी आला. लोखंडी भांड्यात आंबट, ओले पदार्थ शिजवले की थोडे लोह अन्नात उतरते. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवण्याची पद्धतही शहाणपणाची आहे. धान्यांत आणि डाळींत फायटेट नावाचा घटक लोह आणि जस्त दोन्ही बांधून ठेवतो. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी तो कमी होतो.

जस्ताची आठवण मला कालवांनी करून दिली. खाडीच्या खडकांना चिकटलेली कालवे हा जस्ताचा सर्वांत समृद्ध अन्नस्रोत मानला जातो. जस्त कमी पडले की चव मंदावते, जखमा लवकर भरत नाहीत. शाकाहारी घरात ते कडधान्ये, तीळ, शेंगदाणे यांतून मिळते. जस्ताच्या गोळ्या मात्र सल्ल्याशिवाय महिनोन्महिने घेऊ नयेत. त्या अधिक झाल्या तर तांबे कमी पडते, आणि तांबे कमी झाले तरीही रक्तक्षय होतो. सूक्ष्म क्षारांचा हा संसार असा एकमेकांना धरून आहे. एकाला फार पुढे ढकलले, की दुसरा मागे पडतो.

मिठागरांवरून

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मिठागरांवरून फिरून आलो होतो. उथळ वाफ्यांत पाणी आटत होते. ज्या मिठासाठी १९३० साली लोकांनी मार खाल्ला, ते खडेमीठ आजही कित्येक घरांत आदराने वापरले जाते. वैद्य म्हणून मला एक सांगावे लागते, की समुद्राच्या मिठात आयोडीन नगण्य असते. समुद्रातले आयोडीन माशांत उतरते, मिठात नाही. मासे खाणाऱ्या घराला त्याची उणीव सहसा भासत नाही. शाकाहारी घराला आणि डोंगराळ भागाला भासते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रौढ माणसाला दिवसाला फक्त दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, पण त्यावाचून थायरॉइड ग्रंथीचे काम अडते. म्हणून सैंधव किंवा खडेमीठ चवीपुरते असू द्या. रोजचे मीठ आयोडीनयुक्त असावे, झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर. आणि कोणतेही मीठ असो, दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. लोहाच्या गोळीने पोट बिघडत असेल, तर ती आपण होऊन सोडू नये. एक दिवसाआड घेतली तरी चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोहाचा अधिक वाटा शोषला जातो, असे दिसून आले आहे. हिमोग्लोबिन बारा झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. रिकामा झालेला साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने आणखी गोळ्या लागतात. आणि तपासणीशिवाय 'शक्तीसाठी' लोह घेऊ नये. शरीराला जादा लोह बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि हृदयात साठते. काहींचा रक्तक्षय लोहाचा नसून बी-१२ जीवनसत्त्वाचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा असतो, तेथे उपाय वेगळाच करावा लागतो.

पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या आधी, मी पुन्हा शिरोड्याला गेलो. मोटार थांबली तेव्हा पडवीतली आरामखुर्ची रिकामी होती. आत्या अंगणात तुळशीपाशी उभी होती. हिमोग्लोबिन ११.८. गुडघ्यांना ती आता तेल चोळते, आणि भिंतीला धरून वहिनींनी शिकवलेले व्यायाम करते. दुखतेच, पण बेताने.

दुपारी वहिनींनी घावणे वाढले. आत्याने माझ्यासमोर पानाचा डबा उघडून दाखवला. सुपारी, चुना, कात. कप्प्याखाली काही नव्हते. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आणि ह्या बघ." पदराच्या गाठीतून तिने तो कौलाचा तुकडा काढला. कडांवर नवे दातांचे व्रण नव्हते.

"मग ठेवलास कशाला?" मी विचारले.

"वास घेवक," ती म्हणाली. "खावची इच्छाच होणा नाय आता."

येताना आंबोलीच्या घाटात पाऊस लागला. रस्त्याच्या कडेने तांबडे पाणी धावत होते. घरी पोहोचलो तेव्हा माझ्या सदऱ्याच्या बाहीवर तो जुना, न जाणारा डाग पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पहिली रुग्ण एक वयस्क बाई आली. "थकवा वाटतो डॉक्टर, वय झालं," असे ती म्हणाली. मी तिला म्हणालो, "आजी, वयाचं नंतर पाहू. आधी तुमच्या पिशवीत काय काय गोळ्या आहेत, त्या सगळ्या इथे टेबलावर काढा पाहू."